नाही म्हणणारं माकड

"आयुष्यभर लोकांनी आपल्याला जनावरात जमा केलं, आणि तू पैसे मोजून माकडांचा पिक्चर बघतोस? लाज नाही वाटत?"

हे मला तात्यांनी विचारलं. तात्या म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. नामांतराच्या आंदोलनात पाठीवर लाठ्या खाल्लेला माणूस. त्यांच्यापुढं मी सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशीही उघडलं नाही. पण प्रश्न डोक्यात खिळ्यासारखा बसला. त्याचं उत्तर म्हणून हा लेख. तात्या वाचतील, शिव्या घालतील. घालोत.

आधी कबुली देऊन टाकतो. मी 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चा फॅन आहे. भक्त म्हणत नाही, तो शब्द नासलाय. नव्यानं सुरू झालेले चारही भाग मी बघितलेत. २०११, २०१४, २०१७ आणि २०२४. पहिले तीन मोबाईलवर, हिंदीतले, खोपोली लोकलमध्ये. इअरफोनची एक दोरी माझ्या कानात, दुसरी गँगमधल्या दोस्ताच्या. खोपोलीला पिक्चर लावला की गोदीच्या पाळीला उतरेपर्यंत संपतो. चौथा मात्र थेटरात बघितला. एका दिवसाची मजुरी त्यात गेली. गेली तर गेली.

आपल्यातले शहाणे म्हणतील, हा तर हॉलिवूडचा धंदेवाईक माल. आपल्या अनियतकालिकाच्या पानांवर याचं काय काम? काम आहे. आपल्या शत्रूचा माल आपण गोदीत रोज उतरवतोच की. पेटीत काय आहे ते एकदा उघडून बघायला काय हरकत?

आधी माकड या शब्दाचा निकाल लावू. आमच्याकडं काळ्या तोंडाचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड. माथेरानला जाणाऱ्यांच्या हातातली पिशवी पळवतं ते. दोघांनाही शेपूट. सिनेमातले चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना शेपूट नाही. इंग्रजीत त्यांना एप म्हणतात. मराठीत त्यांच्यासाठी घराघरातला शब्द नाही, कारण आपल्या रानात ते नाहीत. आणि शास्त्र माणसालाही त्याच कुळात धरतं. म्हणजे बामणापासून महारापर्यंत सगळे त्याच खानदानातले, तात्या. विटाळाचा प्रश्नच मिटला.

आता इतिहास. १९६३ साली पिअर बूल नावाच्या फ्रेंच लेखकानं कादंबरी लिहिली. १९६८ साली तिच्यावर पहिला सिनेमा आला. अंतराळवीर एका ग्रहावर उतरतात. तिथं एप राज्य करतात आणि माणूस मुका, पिंजऱ्यातला. पण त्या एपांच्या राज्यातही वर्ण आहेत बरं का! ओरांगउटान म्हणजे धर्म आणि कायदा सांभाळणारे. गोरिला म्हणजे शिपाई, शिकारी. चिंपांझी अभ्यासक, पण वरच्यांना विचारल्याशिवाय त्यांनी खरं बोलायचं नाही. मनुस्मृती काय फक्त भारतातच लिहिली जाते? त्या चित्रीकरणाची एक गोष्ट नायक चार्लटन हेस्टन यानं सांगून ठेवलीय. दुपारी जेवायच्या सुट्टीत मुखवटे चढवलेले नट आपोआप वेगळे बसायचे. गोरिला गोरिलांत, चिंपांझी चिंपांझींत. कुणी सांगितलं नव्हतं. चार तासांच्या रबरी मुखवट्यानं जात तयार झाली. आपल्याकडची तर हजारो वर्षांची.

मग त्या मालिकेचा चौथा भाग १९७२ साली आला. १९७२! आपल्याकडं त्याच साली दलित पँथर जन्मली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन. त्या सिनेमात एप विकत घेतलेले नोकर आहेत. भांडी घासतात, बूट पुसतात, मार खातात. सीझर नावाचा एप त्यांना उठवतो आणि शहर पेटतं. १९६५ सालच्या लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या उद्रेकाची सावली त्या सिनेमावर सरळ पडलेली आहे. पण प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवला तेव्हा त्यांना शेवट झेपला नाही. मग कंपनीनं काय केलं? शेवटी सीझरच्या तोंडी दयेचं भाषण नंतर घुसडलं. पडद्यावर क्रांती झाली, पण मालकानं तिचा आवाज बदलून घेतला. हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या किती भाषणांचा शेवट असा नंतर बदलला गेलाय, मोजा.

२००१ साली पहिला सिनेमा पुन्हा काढून बघितला गेला, तो काही जमला नाही. आणि २०११ साली गोष्ट मुळापासून पुन्हा चालू केली. याला रीबूट म्हणतात. मोबाईल अडकला की बंद करून पुन्हा चालू करतो, तसं. जुन्या गोष्टीला ठिगळ लावायचं नाही. पहिल्या पानावर जायचं आणि विचारायचं, पिंजरा कुणी केला? पहिला आवाज कुणी काढला?

२०११च्या भागात सीझर प्रयोगशाळेतल्या आईच्या पोटचा. विसरभोळेपणाच्या रोगावर औषध शोधताना चिंपांझींवर प्रयोग चाललेत. आई मारली जाते. पोराला एक शास्त्रज्ञ घरी नेतो, लाडानं वाढवतो. पोर हुशार निघतं. पण एक दिवस बागेत त्याला पट्टा बांधलेला कुत्रा दिसतो, आणि स्वतःच्या गळ्यातला पट्टाही दिसतो. मी कोण, पाळीव का? हा प्रश्न त्याला तिथं पडतो. मालक कितीही प्रेमळ असला तरी पट्टा तो पट्टाच. प्रेमळ गांधीवादी सवर्णांबरोबर ज्यांनी चहा प्यायलाय, त्यांना हा प्रसंग दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागणार नाही.

पुढं त्याला कोंडवाड्यात टाकतात. शास्त्रज्ञ पैसे चारून त्याला सोडवायला येतो. पिंजऱ्याचं दार उघडं, घर समोर, आणि सीझर आतून दार लावून घेतो. जात नाही. कारण आत अजून त्याचे लोक आहेत. हा प्रसंग लोकलमध्ये बघताना मी दोस्ताकडं बघितलं नाही, डोळे भरले होते. आपल्यात किती जणांना दार उघडं मिळालं, आणि किती जण आत थांबले? नोकरी लागली, फ्लॅट घेतला, आडनाव बदललं, वस्तीचा पत्ता विसरले. सीझर रात्री पळून घरी जातो ते औषध आणायला. अक्कल वाढवणारं ते औषध तो झोपलेल्या भावंडांमध्ये सोडतो. आपण एकटं शहाणं राहायचं नाही, हे त्याचं पहिलं राजकारण. शिका, मग संघटित व्हा. काडी एकटी मोडते, मोळी मोडत नाही, हे तो दुसऱ्या एपाला काड्या हातात घेऊन दाखवतो. आपल्या शाळेच्या पुस्तकातली गोष्ट. फरक एवढाच की शाळेत ती शेतकऱ्याच्या चार पोरांची होती, इथं कैद्यांची आहे.

आणि मग तो क्षण. रखवालदार विजेचा दांडा घेऊन मारतोय. सीझर त्याचा हात धरतो. रखवालदार शिवी देतो, घाणेरडा हात काढ म्हणतो. आणि सीझर ओरडतो – नाही!

त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द. आई नाही, देव नाही, भाकरी नाही. नाही!

तात्या, हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. आताचा रायगड, तेव्हाचा कुलाबा. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी प्यायची, कुत्री प्यायची, आपल्याला बंदी. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, मागून सगळे प्याले. पाणी पिणं म्हणजेच नाही म्हणणं होतं. मग तिथल्या लोकांनी पंचगव्य ओतून तळं शुद्ध केलं. जनावरानं तोंड लावलं तर तळं शुद्ध, माणसानं लावलं तर बाटलं. तेव्हा माणूस आणि जनावर यांच्यातली रेघ निसर्गानं आखलेली नाही, हे आपल्याला शास्त्रज्ञानं सांगायची गरज नाही. ती ज्याच्या हातात खडू आहे तो आखतो. हा सिनेमा आपल्याला माकड म्हणत नाही. खडू कुणाच्या हातात आहे, एवढंच तो विचारतो.

आता थोडं अंगमेहनतीबद्दल. सीझर हा मुखवटा नाही. अँडी सर्किस नावाचा नट करड्या रंगाचे घट्ट कपडे घालून, तोंडावर ठिपके लावून, गुडघ्याहातांवर धावलाय, रडलाय, ओरडलाय. कॅमेरे त्याची हालचाल टिपतात, आणि मग न्यूझीलंडच्या कारागिरांनी संगणकावर त्याच्यावर केस, कातडी, सुरकुत्या चढवल्या. मॉरिस हा समंजस ओरांगउटान, तो कॅरिन कोनोव्हल नावाच्या बाईनं केलाय. चारही भागांना दृश्य-करामतीसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस एकदाही नाही. आणि सर्किसला सीझरसाठी नट म्हणून नामांकनसुद्धा नाही. का? तर चेहरा दिसत नाही. मला हे चांगलंच कळतं. जहाजाचं नाव पेपरात येतं. त्यावर कंटेनर लोखंडी कांबींनी आवळून बांधणाऱ्याचं येत नाही. त्याचाही चेहरा दिसत नाही.

२०१४चा दुसरा भाग आला, आणि मी सरळ आमच्या गावात आलो. गोष्ट अशी. प्रयोगशाळेतल्या त्या औषधातूनच रोग पसरून माणसं बहुतेक मेलीत. शहरात उरलेल्यांना वीज पाहिजे. धरण आणि वीजघर डोंगरात आहे, आणि डोंगरात आता एप राहतात. शहराला उजेड पाहिजे म्हणून माणसं बंदुका घेऊन एपांच्या रानात शिरतात.

खोपोलीच्या माणसाला ही सायन्स फिक्शन कशी वाटणार? घाटाच्या उतारावरून खाली येणारे ते जाडजूड पाइप आम्ही जन्मापासून बघतोय. वर लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधून पाणी अडवायचं, पाइपातून खाली खोपोलीला सोडायचं, चक्रं फिरवायची आणि वीज मुंबईला न्यायची. टाटांचं हे वीजघर १९१५ सालचं. मग कर्जत तालुक्यात भिवपुरीचं, १९२२ सालचं. मग भिऱ्याचं, त्याच्या मुळशी धरणासाठी मावळ्यांची गावं बुडाली. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकारानं सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. वीज कुठं गेली? मुंबईच्या गिरण्यांत. आणि त्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांना विणाई खात्यात घेत नव्हते. कारण तुटलेला धागा तोंडानं ओढून जोडावा लागे, आणि महाराच्या थुंकीनं सवर्ण विणकराला विटाळ होई. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. डोंगर इथला, पाणी इथलं, विजेवर फिरणारा माग आमच्यासाठी बंद.

१९४२ साली याच डोंगरात माथेरानच्या न्हाव्याच्या पोरानं, वकील झालेल्या भाई कोतवालांनी, आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजी पोलिसांच्या गोळ्यांनी ते गेले, बरोबर हिराजी पाटील. मुंबईची वीज कुठून येते हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

सिनेमातला सीझर मनोरे पाडत नाही. तो माणसांना धरण दुरुस्त करू देतो. का? युद्ध टळावं म्हणून. स्वतःच्या पोरांसाठी. धरण चालू होतं, एका बंद पेट्रोलपंपावर दिवे लागतात, जुनं गाणं वाजायला लागतं, माणसं एकमेकांना मिठ्या मारतात. आणि सीझर बाजूला उभा राहून तो उजेड बघतो. तो त्याच्यासाठी नाही. दिग्दर्शक मॅट रीव्ह्ज यानं तिथं एक शब्द बोलायला लावलेला नाही, फक्त त्याचे डोळे दाखवलेत. या एका प्रसंगासाठी मी ह्या सिनेमाला सलाम करतो. कारण उजेडाच्या गोष्टी नेहमी शहराच्या बाजूनं सांगतात. कॅमेरा पहिल्यांदा पाइपाच्या मुळाशी उभा राहिला.

आमच्या खालापुरात इर्शाळगडाच्या पायथ्याशी मोरबे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबई पिते. त्याच गडाच्या अंगाला इर्शाळवाडी होती. ठाकरांची. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड वाडीवर आली. वर जायला रस्ता नव्हता. यंत्रं खाली, माणसं पायवाटेनं चिखलातून वर. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं बेपत्ता, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. खाली द्रुतगती मार्गावर दिवे, धरणात पाणी, चौकजवळ सिनेमाच्या स्टुडिओत प्लायवूडचे राजवाडे. आणि वाडीपर्यंत एक रस्ता नाही. ही कुठल्या ग्रहावरची गोष्ट आहे?

आता कोबाबद्दल, कारण त्याच्याबद्दल आपल्या पोरांत भांडणं होतात. कोबा म्हणजे प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त चिरला गेलेला एप. एक डोळा गेलेला. सीझर म्हणतो, माणसांना त्यांचं काम करू दे. कोबा अंगावरचा एक एक व्रण दाखवतो आणि म्हणतो, हे माणसाचं काम, हेही माणसाचं काम. त्याला काय उत्तर द्याल? मला सुचत नाही. थेटरात शिट्ट्या त्याला पडतात, आणि पडायलाच पाहिजेत. पण पुढं बघा. कोबा बंदूक घेतो ती फक्त माणसावर नाही, सीझरवरही चालवतो. मग आरोप माणसांवर ढकलतो. निःशस्त्रांना मारायला नकार देणाऱ्या कोवळ्या ॲशला वरून खाली फेकतो. एपानं एपाला मारायचं नाही, हा त्यांच्या भिंतीवरचा पहिला कायदा. तो माणसानं मोडला नाही, कोबानं मोडला. राग खरा होता, म्हणून काय केलेलं सगळं बरोबर ठरतं? आपली पँथर १९७२ला जन्मली आणि १९७४लाच फुटली. कुणी कुणाला कम्युनिस्ट म्हटलं, कुणी कुणाला नुसता बौद्ध. व्रण सगळ्यांच्याच अंगावर होते. शत्रू मजेत बसून बघत होता.

२०१७च्या तिसऱ्या भागात छावणी आहे. कर्नल एपांना पकडून भिंत बांधायला लावतो. अन्न नाही, पाणी नाही, दगड वाहा. आणि त्यांच्यावर चाबूक घेऊन उभे कोण? एपच. माणसांना जाऊन मिळालेले. माणसं त्यांना गाढव म्हणतात, त्यांच्या पाठीवर तसं लिहितात, आणि ते तरीही चाबूक चालवतात. हे बघताना आमच्याकडच्या वीटभट्ट्या डोळ्यांसमोर आल्या. पावसाळ्यात कातकऱ्याला भट्टीवाला उचल देतो, दिवाळीनंतर बायकापोरांसकट माती तुडवायला नेतो, आणि पुढच्या पावसात हिशेब करतो तेव्हा उचल अजून फिटलेली नसते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा आहे. आणि माणसं गोळा करून देणारा मुकादम पुष्कळदा आपल्यातलाच, कातकरी नाहीतर बौद्ध. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही. पाठ कुणालाच दिसत नसते.

आणि २०२४. हा भाग मला सगळ्यात जास्त लागला. सीझर मरून पिढ्या उलटल्यात. समुद्रकिनारी गंजलेल्या जहाजाजवळ एका एपानं राज्य थाटलंय. गोदीतला माणूस असल्यानं ते जहाज बघून मला आधी गंमतच वाटली. हा राजा स्वतःला सीझर म्हणवतो. रोज उठून सीझरचं नाव घेतो. एकजुटीत बळ, ही सीझरची घोषणा तो पकडून आणलेल्या टोळ्यांकडून म्हणवून घेतो, आणि त्याच टोळ्यांना दोरखंड ओढायला जुंपतो. माणसांच्या जुन्या कोठारात हत्यारं आहेत, ती त्याला पाहिजेत. घोषणा तीच, शब्द तेच, फक्त दोरखंड कुणाच्या खांद्यावर ते बदललं. दूर रानात राका नावाचा एक म्हातारा ओरांगउटान उरलाय. सीझर खरोखर काय म्हणाला होता ते तो सांगत बसतो. ऐकायला एकच पोरगा. आणि एका नदीच्या लोंढ्यात तोही जातो.

यावर मी काही लिहायची गरज आहे का? १४ एप्रिलला कुठल्या कुठल्या पक्षाचे हार पुतळ्याला पडतात ते आपण बघतो. ज्यांच्या राज्यात खैरलांजीसारखं झालं त्यांचेही, ज्यांना राज्यघटनाच खुपते त्यांचेही. डीजेचा आवाज एवढा की बाबासाहेब काय म्हणाले ते ऐकू येत नाही. नाव मोठं होत चाललंय आणि म्हणणं बारीक. राका व्हायला कुणी तयार नाही, कारण राकाला मंचावर खुर्ची नसते.

एवढं कौतुक केलं, आता भांडणही करतो, नाहीतर मी फॅन कसला? एक, बाया. चार सिनेमांत एप बाया काय करतात? आजारी पडतात, बाळंत होतात, कडेला बसतात. सीझरची बायको कॉर्नेलिया हिचं नाव किती जणांच्या लक्षात आहे? एवढं एपांचं बंड आणि त्यात एकही बाई पुढारी नाही. मुक्या पोरीला जीव लावतात, पण बोलणाऱ्या बाईला जागा नाही. हॉलिवूडला हसू नका. आपल्या मोर्च्यांचे फोटो काढून बघा, पहिल्या रांगेत कोण आणि भाकऱ्या कोण बांधून देतं. दोन, हे सगळं बंड एका अवाढव्य कंपनीच्या गल्ल्यात जमा होतं. तिला बंडाशी देणंघेणं नाही, तिकिटाशी आहे. १९७२ साली तिनं शेवट बदलला, उद्याही बदलेल. म्हणून सिनेमा बघून बंड झालं असं समजून घरी झोपायला जायचं नाही.

आता तात्यांचं उत्तर. पण त्याआधी एक गोष्ट, जी मला सांगायची नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पोरांनी वर्गणी काढून भाड्यानं प्रोजेक्टर आणला. विहाराच्या अंगणात चादर बांधली आणि २०११चा भाग लावला. कातकरीवाडीतल्या पोरांना मीच बोलावून आणलं होतं. दहा-बारा आली, सतरंजीच्या कडेला बसली. आमच्यातल्या एकानं त्यांना मागं जाऊन मातीत बसायला सांगितलं. वर म्हणाला, उंदरं खाणारे, सतरंजीला वास लागेल. ती पोरं काही बोलली नाहीत. उठली, मागं गेली, बसली. मी मशीनजवळ होतो. मी ऐकलं. मी गप्प बसलो. का? पिक्चर थांबेल म्हणून. शंभर माणसं बसली होती म्हणून. तासाभरानं पडद्यावर सीझर नाही म्हणून ओरडला, तेव्हा आमच्या पोरांनी अंगण दणाणून सोडलं. शिट्ट्या, टाळ्या, जयभीमच्या घोषणा. ज्यांच्या आज्यांना मेलेलं ढोर खाणारे म्हणून गावानं हिणवलं, ती नातवंडं. मागं मातीत बसलेली पोरंही टाळ्या वाजवत होती.

इंग्रजांच्या काळच्या नोंदींत लिहिलंय की कातकरी स्वतःला रामाच्या वानरसेनेचे वंशज मानतात. त्या वानरसेनेनं दुसऱ्याच्या बायकोसाठी दुसऱ्याच्या शत्रूशी लढाई केली, समुद्रात दगड टाकून पूल बांधला. नंतर सिंहासनावर कोण बसलं आणि वानरं कुठं गेली? रानात. आपल्या देशातली माकडांची गोष्ट ही अशी, सेवेची. सीझरची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला कुणाचा पूल बांधायचा नाही. पण त्या रात्री आमच्या अंगणात सतरंजीवर मालक बसले होते आणि मागं वानरसेना. मालक आम्ही होतो. खडू आमच्या हातात होता, आणि आम्ही रेघ आखली.

तात्या, तुमचा प्रश्न होता, लाज नाही वाटत का? वाटते. पण माकडांचा पिक्चर बघितल्याची नाही वाटत. तो बघून, त्याला टाळ्या वाजवून, मी त्या रात्री नाही म्हणालो नाही, त्याची वाटते. तो शब्द सीझरच्या तोंडून चार तासांच्या प्रवासात मी पन्नासदा ऐकलाय. माझ्या तोंडून एकदा निघायला पाहिजे होता, निघाला नाही.

यंदा पावसाळ्याआधी पुन्हा चादर बांधणार आहोत. दुसरा भाग लावणार, धरणाचा. यावेळी प्रोजेक्टर वाडीत नेणार. सतरंजी तिथंच अंथरणार आणि वाडीतली माणसं पुढं, आम्ही त्यांच्या मागं, जागा उरली तर. वीज लागेल. वाडीत अजून नीट वीज नाही, खालून वायर ओढावी लागेल. घाटावरचे पाइप तिथून दिसतात.

तात्या, तुम्ही या. खुर्ची देणार नाही, मातीत बसावं लागेल.

जयभीम.